कपाटातला लोलक

स्पेनचं आरमार आमच्या गावावर हल्ला करणार आहे, हे आम्हाला स्पेनच्याही आधी कळलं होतं.

अठराशे अठ्ठ्याण्णवचा मे महिना होता. फेब्रुवारीत क्यूबातल्या हवानाच्या बंदरात आमची युद्धनौका फुटली. ती कोणी फोडली हे कोणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळे सगळ्यांनाच ठाऊक होतं. एप्रिलमध्ये स्पेनशी युद्ध जाहीर झालं. मग एके दिवशी बॉस्टनच्या पेपरात आलं, की केप व्हर्दे बेटांवरून निघालेलं स्पॅनिश आरमार कुठे गेलं याचा पत्ता नाही. हा पेपर डीकन हायरम पिंकहॅम आपल्या दुकानात उभ्याने वाचून दाखवत असे. चर्चचा कारभार त्याच्याकडे, गावसभेचं अध्यक्षपद त्याच्याकडे आणि गावातली सगळी काकवीही त्याच्याकडे.

"पत्ता नाही," तो म्हणाला आणि पेपराची घडी केली. "म्हणजे इकडेच."

"डीकन, क्यूबा सोडून ते स्केट हार्बरला कशाला येतील?" मी विचारलं.

"मास्तर, तुम्ही लॅटिन शिकवा. त्यांना काय हवंय ते तुम्हाला नाही कळायचं."

"काय हवंय?"

"बायका," तो म्हणाला. मग दुकानात उभ्या असलेल्या आमच्या बायकांवर एक नजर टाकून त्याने पुस्ती जोडली, "आणि सुकवलेला कॉड मासा."

मी हसलो. त्या रात्रीपासून मी पॅन्ट घालून झोपू लागलो. डीकनने चांदीचा चहाचा संच समुद्रापासून लांब वुस्टरला चुलतबहिणीकडे पाठवला, आणि ते कळल्यावर माझी बायको ऱ्होडा म्हणाली, "एवढा माणूस चमचे पाठवतो म्हणजे काहीतरी असेलच." हे असंच चाललं होतं. प्रत्येक जण दुसऱ्याला घाबरलेलं पाहून घाबरत होता, आणि सुरुवात कोणी केली हे हवानाच्या बोटीइतकंच गूढ होतं.

आमच्या भागात काहीही करायचं तर गावसभा लागते. कुत्र्यांना पट्टा बांधायचा की नाही इथपासून सगळं हात वर करून ठरतं. मी शाळामास्तर, आणि मीच गावचा चिटणीस. ठराव नोंदवहीत मी लिहितो, आणि नोंदवहीत लिहिलेलं आमच्याकडे बायबलच्या वर. बायबलच्या अर्थावरून निदान वाद तरी होतात.

त्या मंगळवारी तीन ठराव आले. पहिला, चौकातली तोफ धक्क्यावर न्यावी, भरावी आणि अनोळखी जहाजावर डागावी. ही तोफ दक्षिणेतल्या राज्यांशी झालेल्या यादवी लढाईतली. पस्तीस वर्षं ती चौकात शोभेला होती, आणि दर वसंतात तिच्या नळीत साळुंकीसारखा एक पक्षी घरटं करायचा. तिचा ताबा एकाहत्तर वर्षांच्या कॅप्टन ओबेड स्वेनकडे दिला, कारण त्या लढाईत त्याने खरोखरच तोफ डागली होती आणि त्यात त्याचा डावा कान गेला होता. दुसरा ठराव, चर्चचा कळस दुरून दिसू नये म्हणून करडा रंगवावा. मंजूर झाला. रंग मिळाला नाही.

तिसरा ठराव घंटेचा.

बंदराच्या तोंडाशी खडकांची एक रांग आहे, तिला आम्ही डुकरीण म्हणतो. भरतीला ती पाण्याखाली असते. धुकं पडलं की किनाऱ्याच्या टोकावरच्या चौथऱ्यावरून घंटा वाजते आणि बोटी त्या आवाजावर डुकरिणीला वळसा घालून आत येतात. डीकनचं म्हणणं असं, की ज्या आवाजावर आपल्या बोटी येतात त्याच आवाजावर स्पॅनिशही येतील. म्हणून युद्ध संपेपर्यंत घंटेचा लोलक काढून ठेवावा.

बायकांना मत नव्हतं, पण सज्जात बसून ऐकायची मुभा होती. तिथून फिलोमेना सिल्वेरा उभी राहिली. घंटा वाजवण्याचं काम तिचंच.

"माझा नवरा डुकरिणीवर गेला तेव्हा धुकं होतं," ती म्हणाली. "आणि घंटा वाजवणारा दारू पिऊन पडला होता. त्यानंतर अकरा वर्षं मी वाजवते. एक दिवस चुकले असेन तर सांगा."

"बाई, तुम्ही बसा," डीकन म्हणाला. "तुम्ही पडलात स्पॅनिश."

"मी पोर्तुगीज आहे. असोर्श बेटांवरची."

"तेच ते."

"तेच ते असतं, डीकन, तर इतकी शतकं आम्ही त्यांच्याशी भांडलो कशाला?"

डीकनने मत मागितलं.

आमचा मुलगा जोएल तेव्हा वीस वर्षांचा होता. तो 'लॅव्हिनिया' या शिडाच्या स्कूनरवर, जॉर्जेस बँक नावाच्या दूरच्या उथळ समुद्रात मासेमारीला गेला होता, आणि दहा-बारा दिवसांत परतायचा होता. हे मला माहीत होतं, सभेतल्या प्रत्येकाला माहीत होतं. डीकन एकेका रांगेकडे बघत होता. दीडशे हात वर होते. हात वर न करणाऱ्याला गावात काय म्हणतील ते मला कोणी सांगायची गरज नव्हती. माझा हात वर गेला. तो मी वर केला, असं म्हणणं जरा जास्त होईल.

लोलक आणून माझ्या शाळेच्या कपाटात ठेवला. कोणाला मोह होऊ नये म्हणून कपाटाला दोन कुलुपं लावली. एक किल्ली माझ्याकडे, दुसरी डीकनकडे. घरी ऱ्होडाने मला जेवायला वाढलं आणि एक शब्द बोलली नाही. एकवीस वर्षांच्या संसारात हा तिचा सर्वात मोठा भाषणप्रसंग होता.

नवव्या दिवशी सकाळी धुकं आलं. खिडकीतून आधी धक्का गेला, मग रस्ता, मग शाळेचं कुंपण. मी सीझरचं लॅटिन शिकवत होतो. अकरा वाजता समुद्रावरून भोंगा ऐकू आला. दोन लांब, एक आखूड. थोडा वेळ गेला, पुन्हा दोन लांब, एक आखूड.

आमच्याकडे प्रत्येक बोटीची भोंग्याची स्वतःची चाल असते. वर्गातली मुलं कॉडच्या हाडांवर वाढलेली. सगळी माझ्याकडे बघू लागली. मी पुस्तक मिटलं, शाळा सोडली आणि नोंदवही बगलेत मारून धावत सुटलो. नोंदवही का घेतली ते मला सांगता येणार नाही. बुडणारा माणूस जे हाताला लागतं ते धरतो, आणि चिटणिसाच्या हाताला तीच लागली.

धक्क्यावर सगळं गाव जमलं होतं. कॅप्टन स्वेनने तोफेत खिळे, साखळीचे तुकडे आणि कोणाच्या तरी शेगडीचं झाकण भरलं होतं.

"डीकन, किल्ली द्या," मी म्हणालो. "ती 'लॅव्हिनिया' आहे."

"कशावरून?"

"दोन लांब, एक आखूड."

"स्पॅनिश लोकांना मोजता येत नाही असं तुमचं म्हणणं आहे का, मास्तर?"

"माझा मुलगा आहे तिच्यावर."

डीकनचा चेहरा पांढराफटक होता. तो दुष्ट माणूस नव्हता. "ठराव झालाय," तो म्हणाला. "फिरवायचा तर नवी सभा हवी. सभेला सात दिवसांची नोटीस हवी. कायदा तुम्हीच लिहून ठेवलाय."

"मग आत्ता नोटीस लावतो."

"लावा ना. पुढच्या आठवड्यात बघू."

भोंगा पुन्हा वाजला, या वेळी जवळ आणि जरा उत्तरेकडे. उत्तरेला डुकरीण. त्या पांढऱ्या भिंतीच्या मागे जोएल बोटीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर उभा राहून कान टवकारत असेल. घंटा अजून का ऐकू येत नाही? म्हणजे आपण अजून लांब आहोत. चला आणखी पुढे. घंटा नाही म्हणजे खडक नाही, हे तो जन्मापासून शिकला होता, आणि त्यातलं निम्मं मीच शिकवलं होतं.

तेवढ्यात घंटा वाजली.

आमचा नेहमीचा आवाज नव्हता तो. फुटक्या पातेल्यावर कोणी घण घालावा तसा होता. पण तो टोकावरूनच येत होता.

"ती पोर्तुगीज बाई!" कोणीतरी म्हणालं. "बोलावतेय त्यांना."

"खूण ठरलेली असणार," दुसरा म्हणाला. गर्दीतून एक थरकाप गेला. मला तो खांद्याला खांदा लागून जाणवला. कॅप्टन स्वेनने चांगला कान भोंग्याकडे केला, तोफेचं तोंड थोडं फिरवलं आणि पलिता पेटवला.

"थांबा," मी म्हणालो. "हरकतीचा मुद्दा आहे."

हे शब्द आमच्याकडे बंदुकीपेक्षा लवकर लागू पडतात. कॅप्टनचा हात थांबला.

मी नोंदवही उघडली. "पहिला ठराव वाचतो. 'चौकातली तोफ धक्क्यावर न्यावी, भरावी.'" आणि वही मिटली. बोट आत पानातच राहू दिलं. त्या बोटाखाली चार शब्द होते.

"आणि डागावी," डीकन म्हणाला.

"तसं इथे नाही."

"मी स्वतः मांडलाय तो ठराव!"

"तुम्ही मांडलं असेल, डीकन. मंजूर काय झालं ते इथे लिहिलंय. तुम्हाला वहीवर संशय असेल तर तसं सांगा."

सगळ्या गावासमोर वहीवर संशय घेणं म्हणजे सगळ्या गावासमोर विजार काढण्यासारखं. डीकनने मान फिरवली. कॅप्टन स्वेन मात्र उसळला. "डागायची नव्हती तर भरली कशाला? फुलं लावायला?"

"भरण्यात डागणं आलंच," पिंपं बनवणारा कूपर म्हणाला.

"कसं आलं? मी दर हिवाळ्यात लाकडं भरतो, सगळी जाळतो का?" मागून कोणी विचारलं.

"मग आत्ता मत घ्या!" कॅप्टन ओरडला.

"नोटिशीशिवाय?" मी म्हणालो. "सात दिवस लागतात. डीकन आत्ताच म्हणाले."

आणि ते भांडू लागले. देवा, काय भांडले. माझं बोट पानात घामेजलं होतं, आणि मी मनात एवढंच म्हणत होतो, की वहीचा मान न जाणणारा कोणी अडाणी माणूस येऊन "मला वही दाखवा" असं म्हणू नये. आमच्या गावात अडाणी माणूस नव्हता, हे आमचं नशीब. टोकावर ती घंटा घणाघण वाजतच होती. एकदा ती थांबली. मग पुन्हा सुरू झाली, वेगळ्या लयीत, जणू हात बदलला होता.

भोंगा दक्षिणेकडे सरकला. मग अगदी समोर आला. मग धुक्यातून एक सोंडेसारखं लाकूड बाहेर आलं, मागे शीड, आणि नाळेवर भोंगा हातात धरून जोएल.

"घंटेला काय झालंय?" तो ओरडला. "पडसं झालंय का?"

मग त्याला तोफ दिसली, आणि तिच्यासमोर आपण आहोत हेही दिसलं. त्याच्या हातातला भोंगा खाली आला.

फिलोमेना टोकावरून परतली तेव्हा तिच्यासोबत ऱ्होडा होती. ऱ्होडाच्या हातात आमच्या घरचा कोळसे फोडायचा हातोडा होता आणि दोघींच्या तळव्यांना फोड आले होते.

"तू मला सांगितलं का नाहीस?" मी ऱ्होडाला विचारलं.

"मला वाटलं तुम्ही किल्लीच्या मागे असाल, मास्तर," ती म्हणाली.

स्पॅनिश आरमार क्यूबातच सापडलं, आणि जुलैत बुडालं. त्यासोबत आमची भीतीही बुडाली. लोलक परत घंटेत गेला. वही कोणी तपासली नाही. सगळे एकाएकी शूर झाले होते, आणि शूर माणसाला जुनी पानं उलटायला वेळ नसतो.

पुढच्या मार्चच्या सभेत डीकनने नकाशा लावला. स्पेनकडून मिळालेली फिलिपिन्स बेटं आता आपली होती, पण तिथल्या लोकांना ते पटत नव्हतं, त्यामुळे नवं युद्ध सुरू झालं होतं. बेटं शोधायला डीकनला बराच वेळ लागला. ती काकवीच्या डागाखाली निघाली.

"तिथले लोक आपल्याला घाबरतात म्हणे," कॅप्टन स्वेन समाधानाने म्हणाला.

ठराव एका ओळीचा होता. देशाचा झेंडा जिथे जाईल तिथे हे गाव त्याच्या पाठीशी आहे. मी तो उभ्याने वाचला, आणि वाचता वाचता गाळता येईल असा शब्द शोधला. एकही सापडला नाही. हात वर झाले. तिसऱ्या रांगेत जोएलचाही होता. तो त्याने वर केला की गेला, हे मला ओळखता आलं नाही. मी त्याच्याकडे बघत राहिलो, आणि मग 'एकमताने' असं लिहिलं.

जुलैत तो सैन्यात भरती झाला.

त्याचं पत्र फिलिपिन्समधल्या लुझोन बेटावरून जानेवारीत आलं. ऱ्होडा शेगडीजवळ बसून मोठ्याने वाचत होती. जेवण बरं आहे. उकाडा फार आहे. आम्ही दिसलो की गावकरी चर्चची घंटा वाजवून रानात लपलेल्या लढणाऱ्या माणसांना सावध करतात. म्हणून आता हुकूम आहे, गावात शिरलं की सगळ्यात आधी घंटेचा लोलक काढायचा. ते काम माझ्याकडे दिलंय, कारण मला त्यातलं कळतं.

ती थांबली. शेगडीच्या बाजूला हातोडा होता. त्याची जागा तीच.

"तिथल्या बायकांकडे हातोडे असतील ना हो?" तिने विचारलं.

"असतील की," मी म्हणालो.

आणि मग ती घंटा कोणाच्या येण्यावर वाजेल आणि रानात ती कोण ऐकेल, ते आम्हा दोघांच्या एकाच वेळी लक्षात आलं. ऱ्होडाने पत्राची घडी घातली, उघडली, पुन्हा घातली. पुढचं पान तिने त्या संध्याकाळी वाचलं नाही, आणि मीही मागितलं नाही.