माझे हरवलेले सात मिलिमीटर

मित्रांनो, मी एक जुनी मीटरपट्टी आहे. फिनलंडमधल्या एका तळ्याकाठच्या शाळेत, सुतारकामाच्या वर्गात माझे आयुष्य गेले. बर्चच्या लाकडाची, नाकासमोर चालणारी, आणि खरे सांगायचे तर थोडी गर्विष्ठही.

उर्पो सर मला खिळ्याला टांगून ठेवत. भिंतीला टेकवली की पट्टी वाकते, हे त्यांना ठाऊक होते. पण मुले ती मुलेच! माझ्या टोकाने खिडकीची कडी काढायची, जमिनीवर ठोकायचे, तलवारबाजी करायची. माझे शून्याकडचे टोक पार झिजले, तिथल्या खुणाही पुसल्या. सर ओरडत, "टोकापासून नाही रे, दहापासून मोजा! म्हातारीचे पुढचे दात पडलेत." मुले हसत. मलाही त्याचे वाईट वाटत नसे.

सर निवृत्त झाले. कोणाच्या हातात कुसळ जाऊ नये म्हणून शिपाईकाकांनी सुट्टीत माझे ते टोक करवतीने सफाईदार कापले. सगळे मिळून सात मिलिमीटर गेले. मी पुन्हा छान दिसू लागले, आणि खोटे बोलू लागले: टोकापासून मोजलेले सारे सात मिलिमीटर आखूड निघे. नव्या सानेल्माबाईंना हे कोण सांगणार?

हेल्का तेव्हा बारा वर्षांची होती. तिचे वडील लाकूडतोडे. छातीच्या दुखण्याने त्यांनी अंथरूण धरले होते. दुसऱ्याने कप धरून कॉफी पाजायची, हे त्यांच्या फार जिवावर येई. म्हणून हेल्का पलंगावर आडवे बसेल असे छोटे टेबल करत होती. घरी वडिलांच्या घडीच्या पट्टीने तिने पलंगाचे माप घेतले होते. टेबलाच्या पायांमध्ये नेमके नव्वद सेंटिमीटर हवे होते. फळी मात्र तिने माझ्यावर मोजून कापली.

पुढच्या गुरुवारी ती बाईंना म्हणाली, "बसतच नाही हो बाई! बाबा म्हणतात, पलंगच फुगलाय, तुझा काय दोष."

"पलंग फुगत नसतो, हेल्का. नीट मोज."

तिने जीभ दातांत धरून नवी फळी तीनदा मोजून कापली. मला ओरडावेसे वाटत होते. तीही फळी तेवढीच आखूड निघाली.

त्यानंतरच्या गुरुवारी हेल्का आलीच नाही. आली ती आणखी एका आठवड्याने, काळ्या कपड्यांत. फळी तिने बाईंच्या पुढ्यात ठेवली. "ही दुसऱ्या कोणाला द्या. मला मोजताच येत नाही. बाबांनी शेवटपर्यंत आईच्याच हातून कॉफी घेतली."

बाईंनी तिला जवळ घेतले. पण चूक तिची नव्हती, हे त्यांनाही माहीत नव्हते.

दोन वर्षांनी बाईंनी सहज मला पोलादी फितीशेजारी ठेवले आणि सात मिलिमीटरचा फरक दिसताच त्या हेल्काच्या घराकडे निघाल्या. हेल्का तोवर आईबरोबर गाव सोडून गेली होती. कुठे, ते कोणालाच सांगता आले नाही.

मित्रांनो, आपल्या वर्गातली पट्टी टांगून ठेवा, तिने ठोकाठोकी करू नका, वर्षातून एकदा तरी तिला खऱ्या मापाशी ताडून बघा. पट्टी चुकली तर पट्टीला कोणी रागावत नाही. हेल्का आज जिथे असेल तिथे, काही मोजायची वेळ आली की मुकाट्याने पट्टी दुसऱ्याच्या हातात देत असेल.