खोक्यावरचा स्वार

डॉक्टरांनी चहाचा कप उचलून खिडकीत नेऊन ठेवला, रुमालाने टेबल कोरडं पुसलं आणि मग कुठे पारदर्शक पेटीतून ते खोकं बाहेर काढलं. हातात पातळ हातमोजे होते. दातांच्या डॉक्टरांकडे हातमोज्यांना काय तोटा, असं चित्रकाराच्या मनात आलं. पण समोरच्या माणसाचा चेहरा इतका गंभीर होता की त्याने ते मनातच ठेवलं.

"ओळखलंत, काका?"

चित्रकार चष्मा कपाळावर चढवून खाली वाकला. पिवळंधमक आभाळ, वळणावर आडवी झुकलेली तांबडी मोटारसायकल, रस्त्याला टेकू पाहणारा गुडघा, आणि हेल्मेट घातलेला स्वार. साबणांची वेष्टनं, औषध कंपन्यांची कॅलेंडरं, बिस्किटांचे डबे, त्याने जन्मभर जे रंगवलं ते बहुतेक लोकांनी वापरून टाकून दिलं होतं. त्याबद्दल त्याचं काही म्हणणं नव्हतं. पण टाकलेल्यांपैकी एखादं असं थाटामाटात परत घरी येईल, हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं.

हे सगळं मुलीमुळे घडलं होतं. दाढ काढून घेऊन ती दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत आली, तर काचेच्या कपाटात हे खोकं. अर्ध्या बधिर तोंडाने ती म्हणाली, "हे माझ्या बाबांनी काढलंय." डॉक्टरांना आधी शब्द कळेनात, आणि कळल्यावर खरं वाटेना.

"मोटारसायकल शर्यतीचे व्हिडिओ गेम पुढे ढीगभर आले," डॉक्टर आता सांगत होते. "पण हा काढणारी कंपनी लवकरच बुडाली. जे थोडे खपले, त्यांतली कॅसेट मुलांनी ठेवली आणि खोकी फाडून फेकली. म्हणून आज नुसती कॅसेट शोधली तर मिळते. खोक्यासकट म्हणाल, तर त्यासाठी लोक जीव टाकतात."

"म्हणजे माझ्या कामाला किंमत यायला आधी सगळ्यांनी ते फेकून द्यायला हवं होतं."

मुलगी खळखळून हसली. दाराशी धुतलेल्या चादरीच्या घड्या घालत उभी असलेली बायकोही गालातल्या गालात हसली, पण पुढे आली नाही.

डॉक्टरांनी खिशातून चंदेरी शाईचं पेन काढलं. "एक सही हवी होती, काका. इथे, या कोपऱ्यात. मूळ चित्रकाराची सही असलेलं खोकं अजून कोणीच पाहिलेलं नाही. हे एकमेव होईल."

चित्रकाराने पेन हातात घेतलं, टोपण काढलं आणि परत लावलं.

"आधी हिची घ्या."

"कोणाची?"

त्याने दाराकडे मान वळवली. बायकोने हातातली चादर छातीशी धरली. "अहो, काहीतरीच काय!"

डॉक्टर अवघडले. वाईट वाटू नये म्हणून त्यांनी आवाज मऊ केला. "काकूंबद्दल आदरच आहे. पण आम्हा जुनी खोकी जमवणाऱ्यांत असं आहे, की चित्रकाराची सही ही भर धरतात. दुसऱ्या कोणाचीही अक्षरं पडली, तर तो डाग. किंमत एकदम खाली येते."

"मग माझीही राहू द्या."

असं तो सहसा बोलत नसे. मुलगी एकदा आईकडे, एकदा बापाकडे पाहू लागली.

"हा स्वार कोण आहे असं वाटतं तुम्हाला?" चित्रकाराने विचारलं. "माणूस बसवायला माझ्याकडे कुठे होता? कंपनीला चित्र लगेच हवं होतं. ही इस्त्रीच्या बाकड्यावर घोड्यासारखी बसली. हातात लाटणं, तेच हँडल. शेजाऱ्याचं हेल्मेट. आणि त्याच शेजाऱ्याचं जाकीट, ते पुढून बसेना."

"का बसेना?" मुलीने विचारलं.

"तू होतीस ना," आई दारातूनच म्हणाली. "सातवा संपत आला होता."

मुलीने पटकन हाताने तोंड झाकलं. मग ती खोक्यावर अशी वाकली, की डॉक्टरांनी घाईघाईने ते थोडं मागे ओढलं.

"म्हणजे मीपण आहे यात?"

"तुला लपवलं," चित्रकार म्हणाला. "पोट काही केल्या झाकेना. शेवटी पेट्रोलची टाकी मोठी काढली."

डॉक्टर खुर्चीत सरळ झाले. "ती टाकी! काका, या टाकीवरून लोकांनी किती डोकी फोडली आहेत माहीत आहे? कोणी म्हणतं हे लांब पल्ल्याच्या शर्यतीचं खास मॉडेल, कोणी म्हणतं परदेशी बनावट. मी स्वतः त्यावर भांडलोय!"

"बाळंतपणाचं मॉडेल म्हणा आता," बायको म्हणाली, आणि सगळेच हसले. चित्रकार मात्र हसता हसता थांबला.

"पाठ मोडत होती हिची. झुकून बस म्हटलं की झुकायची, हलू नको म्हटलं की श्वास धरायची. एकदाही उठते म्हणाली नाही. या चित्रावरून मला पुढची कामं मिळाली, डॉक्टर. आमचा संसार यावर उभा राहिला. खोक्याच्या मागे बारीक अक्षरात माझं नाव आहे. हिचं कुठेच नाही."

बायको खाली मान घालून चादरीची कड सरळ करत राहिली. घडी केव्हाच झाली होती.

डॉक्टरांनी खोकं जवळ घेतलं. ते किती तरी वेळ त्या स्वाराकडे पाहत राहिले. तोंडात आरसा घालून दात पाहावा तसे, बारकाईने, घाई न करता. मग त्यांनी हातमोजे काढले, चित्रकाराच्या हातातलं पेन मागून घेतलं आणि उठून दारापर्यंत गेले.

"काकू, बसा. तुम्हाला हवं तिथे लिहा."

"पण तुमचं नुकसान..."

"लिहा तुम्ही."

ती खुर्चीत बसली. चादर मुलीने घेतली. पेन कागदावर टेकेपर्यंत तिचा हात दोनदा पुढे जाऊन मागे आला. मग पिवळ्या आभाळात, स्वाराच्या डोक्यावर, तिने आपलं नाव सावकाश लिहिलं. थोडं थांबून त्यापुढे आणखी दोनच शब्द लिहिले: 'बसले होते.'

डॉक्टरांनी ते वाचलं आणि चष्मा पुसायला काढला.

"आता तुमची, काका. कोपरा रिकामा आहे."

चित्रकाराने कोपऱ्याकडे पाहिलंही नाही. वाकून त्याने तिच्या अक्षरांखालची जागा शोधली आणि तिथे आपलं नाव लिहिलं; अगदी बारीक, चष्मा लावूनही कष्टाने दिसेल एवढं.