न मागितलेली मतं

निवडणुकीत ती हरली, आणि त्याचं कोणालाच नवल वाटलं नाही. तिला स्वतःलाही नाही. ड्रायव्हिंग स्कूल चालवणारी बाई, पाठीशी पक्ष नाही, विधानसभेला पहिल्यांदाच उभी राहिलेली. ती निवडून आली असती तरच लोकांनी तोंडात बोटं घातली असती.

उभी राहिली तीही जवळजवळ हट्टानंच. मोठ्या चौकातला सिग्नल कधीचा बंद होता, आणि शिकाऊ माणसाच्या हाती गाडी देऊन त्या चौकातून जायचं म्हणजे रोज जीव मुठीत धरायचा. आमदारांच्या ऑफिसात खेटे घालून तिच्या चपला झिजल्या. शेवटच्या खेपेला आमदार चष्मा पुसत म्हणाले, "इतकी कळकळ आहे, तर तुम्हीच उभ्या राहा की." खोलीतली माणसं हसली. तीही हसली, घरी आली आणि नवऱ्याला म्हणाली, मी उभी राहतेय. नवरा छापखान्यात कामाला. त्यानं जेवता जेवता इतकंच विचारलं की पत्रकावर फोटो कुठला टाकायचा.

प्रचार धाकट्या दिरानं अंगावर घेतला. कुठं जायचं, कुठं नाही, हे तोच ठरवी. पाण्याच्या टाकीमागच्या वस्तीवर त्यानं पहिल्याच दिवशी काट मारली. तिथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या आमदारांची, तिथं घसा कोरडा करण्यापेक्षा दुसरीकडे चार घरं जास्त होतील, असं त्याचं म्हणणं. तिला ते पटलं. शेवटपर्यंत ती तिकडे फिरकली नाही.

मतमोजणीच्या दिवशी दुपारी दीर घरी आला तो दारातच थबकला. आमदारच परत निवडून आले आणि तू चौथी आलीस, हे त्यानं चप्पल काढता काढता सांगून टाकलं. मग पाणी प्यायला, पुन्हा उभा राहिला, पुन्हा बसला.

"वहिनी, एक भानगड आहे," तो म्हणाला. "टाकीमागच्या केंद्रावर तू पहिली आहेस. आमदारांच्याही पुढं."

त्याला आधी वाटलं होतं की नावं वाचताना गफलत झाली. त्यानं अधिकाऱ्याला पुन्हा पुन्हा विचारलं, तेव्हा अधिकारी वैतागून म्हणाला की मतं मिळाल्याची तक्रार करणारे तुम्ही पहिलेच.

आता गंमत बघा, स्वतःच्या गल्लीत ती तिसरी होती. जिथं रोज दूध आणायला जाते तिथं तिसरी, आणि जिथं पाय ठेवला नाही तिथं पहिली. हरल्याचं दुःख करायला तिला सवडच मिळाली नाही. भाजी चिरताना तेच, गाडीत शेजारी बसून एखाद्याला गिअर शिकवताना तेच. नवऱ्याच्या मते लोकांचा अंदाज चुकून हात दुसऱ्याच नावावर गेला असणार. दिराला त्यात आमदारांच्या माणसांचीच काही अंतर्गत खेळी दिसत होती. सासूबाईंचं म्हणणं असं की तिथं तुझ्या नावाची दुसरी एखादी चांगली बाई असेल. 'चांगली'वर त्यांनी जरा जोर दिला, असं तिला वाटलं.

शेवटी रविवारी ती उठली आणि एकटीच निघाली. गाडी दुरुस्तीला टाकलेली, म्हणून बसनं गेली आणि वस्तीच्या पुढच्या तोंडाशी उतरली.

वस्ती अगदी चारचौघींसारखी. एक अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंना घरं, खालती दुकानं, वर वाळत घातलेले कपडे. तिनं किराणा दुकानात साबण घेतला आणि आडवळणानं विषय काढला. दुकानदार म्हणाला की मत गुप्त असतं, आणि पुढच्या गिऱ्हाईकाची साखर मोजायला लागला. पुढं सलून होतं. सलूनवाल्यानं कात्री न थांबवता साऱ्या वस्तीनं कोणाकोणाला मत दिलं असेल याचा पाढा वाचला. त्यात तिचं नाव कुठंच नव्हतं, आणि हीच ती बाई हे त्याला ओळखूही आलं नाही. इस्त्रीवाला म्हणाला, दिली असतील बुवा कोणी. अशी तासभर पायपीट झाली. दिरानं नीट ऐकलंच नसेल, असंही तिच्या मनात येऊन गेलं.

ती परत फिरणार, इतक्यात एका घराच्या पायरीवर बसलेल्या बाईनं मान वर केली. मांडीवर शाळेच्या गणवेशांचा ढीग होता आणि ती एकेका शर्टाचे सुटे दोरे कापत होती. तिनं हिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"आज गाडी कुठाय?" तिनं विचारलं.

हिला काही सुधरेना. ही बाई ओळखीची नव्हती. शिकायला आलेली माणसं ती विसरत नसे. कुठली गाडी, असं विचारल्यावर शिवणकामवाली हसली, कात्री शर्टात खुपसून ठेवली आणि आत या म्हणाली.

उतारावरचं घर, एकामागे एक तीन खोल्या. पहिल्या खोलीत खाट, दुसरीत कपाट आणि शिवलेल्या गणवेशांची गाठोडी, तिसरं स्वयंपाकघर. तिथं खिडकीपाशी शिलाई मशीन, आणि मशीनच्या बाजूला खुर्चीत शिवणकामवालीचे सासरे बसलेले. आयुष्यभर दवाखान्यात कंपाउंडर होते, आता दिवसभर ही खुर्ची त्यांची. शिवणकामवालीनं त्यांना जरा सरकायला लावलं आणि हिला खिडकीपाशी ओढलं.

खाली तिचाच रस्ता होता.

हमरस्त्यावरून आत वळणारा, टाकीच्या कुंपणाला लागून जाणारा तो मोकळा तुकडा. गाडी मागं घ्यायला शिकवायची झाली की ती प्रत्येकाला इथंच आणायची. रहदारी नाही, खांब एकच, एका अंगाला कुंपण आणि दुसऱ्या अंगाला गिलावा नसलेली लांबच लांब भिंत, वर बारक्या जाळीच्या खिडक्या. ती भिंत कुठल्याशा गोदामाची आहे, असंच ती इतकी वर्षं समजत आली होती. तिथं शिजणाऱ्या आमटीचा वासही तिला कधी आला नव्हता. तिचं सगळं लक्ष आरशात आणि शिकणाऱ्याच्या पायांकडे.

"आम्ही तुम्हाला हळूबाई म्हणतो," शिवणकामवाली म्हणाली आणि जराशी लाजली. "राग मानू नका. तुमच्या गाडीच्या काचा कायम खाली असतात ना. सगळं ऐकू येतं. हळू, हळू, घाई नाही, परत घेऊ. दिवसभर तेच."

गाडीतला एसी कधीच बंद पडला होता, म्हणून काचा खाली. आपण काय काय बोललो असू, हे आठवून तिचे कान तापले.

तोवर बातमी भिंतीभिंतीतून पसरली होती. शेजारच्या तिघीचौघी स्वयंपाकघरात येऊन उभ्या राहिल्या, कोणी पोळ्या अर्धवट टाकून, कोणी मूल कडेवर घेऊन. हिनं एकदाचं विचारून टाकलं की मतं तुम्हीच दिलीत का. सगळ्या एकमेकींकडे बघू लागल्या. उत्तर कंपाउंडर सासऱ्यांनी दिलं.

"पेपरात घालून पत्रक आलं, त्यावर फोटो बघितला. सून म्हणाली, अहो मामंजी, ही तर हळूबाई. मी म्हटलं, ही बाई माणसावर खेकसत नाही, हे आपण इतकी वर्षं या कानांनी ऐकलंय. बाकीच्यांचं आपण त्यांच्याच तोंडून ऐकतो. मग या भिंतीलगतच्या सगळ्या घरांनी ठरवलं."

"पण मी तर तुमच्याकडे आलेसुद्धा नाही," ती म्हणाली. आणि मग तिला राहवलं नाही. "खरं सांगू का? ही गोदामं आहेत असं मला वाटायचं."

मग कडेवर मूल असलेली खुदकन हसली आणि सगळं स्वयंपाकघर हसायला लागलं.

खरी चौकशी त्यानंतर सुरू झाली, आणि ती त्यांची होती. इतक्या वर्षांचं साचलेलं कुतूहल होतं ते. त्या उंच माणसाचं काय झालं, ज्याचं डोकं टपाला लागायचं? तो तीनदा नापास झाला, नाद सोडला, आता सायकलनं फिरतो, असं ऐकल्यावर बायका हळहळल्या. एकीनं तर त्याच्या बाजूनं पैज लावली होती. आणि ती चष्मेवाली, जिनं खांबापाशी गाडी बंद केली आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडली? त्या दिवशी इथं कोणाच्या हातात काम राहिलं नव्हतं. तुम्ही तिला रडू दिलंत, पाणी दिलंत, आणि मग म्हणालात, चला, पहिला गिअर. ती पास झाली का?

"झाली. शाळेची व्हॅन चालवते आता."

शिवणकामवालीनं पदरानं डोळे टिपले. जिला तिनं फक्त वरून, गाडीच्या काचेतून पाहिलं होतं, त्या बाईसाठी.

चहा झाला, तेव्हा हिला वाटलं, आता आपली पाळी. तुमचं इथं काय अडतं, असं तिनं विचारलं. पुन्हा सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. शेवटी मूलवाली पुढं झाली आणि म्हणाली की एक तक्रार आहे, पण ती तुमच्याबद्दलच आहे. वळणावर हॉर्न द्यायला तुम्ही शिकवता, ते बरोबरच. पण दुपारी हा नुकता झोपलेला असतो.

आयुष्यातलं पहिलं निवेदन, आणि तेही स्वतःविरुद्ध. तिनं तिथल्या तिथं मान्य केलं. दुपारची शिकवणी ती सकाळी घेणार.

मग दुसरी गोष्ट निघाली. त्या रस्त्याला दिवा नव्हता. संध्याकाळी कामावरून परतणाऱ्या मुली हमरस्त्याला उतरत आणि अंधाराला घाबरून सगळ्या वस्तीला वळसा घालून घरी येत. ही स्वतः फक्त दिवसा येणारी. खांबाला दिवा नाही हे तिला ठाऊकच नव्हतं. त्या खांबाला गाडी लागायची वेळ आली तरी तिनं किती जणांवर ओरडायचं टाळलं होतं, पण मान वर करून त्याच्याकडे कधी बघितलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात ती शिवणकामवालीला आणि आणखी दोघींना गाडीत घालून आमदारांच्या ऑफिसात गेली. आमदारांनी लगेच खुर्च्या मागवल्या. दिव्याचं सगळं ऐकून घेतलं, माणसाला बोलावून सूचना दिल्या. बायका उठून बाहेर पडल्या, तेव्हा त्यांनी हिला मागं थांबवलं, दार लोटलं आणि पुढं वाकले. गेले कित्येक दिवस झोपमोड झालेल्या माणसासारखा त्यांचा चेहरा दिसत होता.

"बाई, आता निवडणूक संपली," ते म्हणाले. "स्पष्ट सांगा. त्या केंद्रावर तुम्ही केलंत तरी काय?"

"काही नाही. मी तिथं गाडी मागं घ्यायला शिकवते."

आमदारांनी तिच्याकडे बराच वेळ रोखून पाहिलं. ही पोहोचलेली बाई आहे, आपल्याला थांगपत्ता लागू देणार नाही, असं त्यांनी मनाशी ठरवलेलं तिला स्वच्छ दिसलं. तिनं पुन्हा समजावून सांगावं असा विचार केला, पण बाहेर गाडीत तिघीजणी खोळंबल्या होत्या, आणि त्यातल्या एकीला आज पहिल्यांदा स्टिअरिंग हातात घेऊन बघायचं होतं.