शंभर ग्रॅमला शंभर ग्रॅम

ब्रेडची रिकामी पिशवी उजव्या हातात मनगटापर्यंत चढवून इंदुबाईंनी ट्रेमधलं एक अंडं उचललं, बल्बपुढे धरलं आणि डोळा बारीक करून आत बघितलं. आत काय बघायचं असतं ते त्यांना अजून नीटसं उमगलं नव्हतं. पण शेजारचे अंडीवाले दादामियाँ असं बघत आणि बघून झालं की "हं" म्हणत, म्हणून त्याही "हं" म्हणाल्या.

"ताजी आहेत ना?" भाग्यश्रीवहिनींनी विचारलं.

"परवाची आहेत. कोंबडीचा पत्ता हवाय का?"

भाग्यश्रीवहिनी कसब्यातच जन्मलेल्या, असल्या उत्तराने हलणाऱ्या नव्हत्या. पिशवीचं तोंड उघडून त्या उभ्या राहिल्या आणि इंदुबाईंच्या गळ्यातल्या तुळशीच्या माळेकडे बघत म्हणाल्या, "तुम्ही कधीपासून अंड्याची वकिली घेतलीत हो? गेल्या महिन्यात तर मला सांगत होतात, अंड्यात काय ठेवलंय, त्यापेक्षा दोन जुड्या जास्त न्या."

"तेव्हा अंड्याची बाजू मांडायला दादामियाँ स्वतः बसत होते." इंदुबाईंनी सहावं अंडं कागदात गुंडाळलं. "एकात सहा ग्रॅम प्रथिनं. वर ब बारा जीवनसत्त्व. कोथिंबिरीत ते औषधालासुद्धा सापडायचं नाही."

बोलून गेल्यावर त्यांनी आपल्या डावीकडच्या कोथिंबिरीच्या ढिगाकडे पाहिलं. वहिनी गेल्या तशी त्यांनी पिशवी हातातून काढली, तांब्यातलं पाणी ओंजळीत घेऊन जुड्यांवर शिंपडलं, आणि वरच्या दोन-चार जुड्या उगाचच सारख्या केल्या. माणसाची समजूत काढावी तशा.

एकोणीस वर्षं त्या या गल्लीत कोथिंबीर, पुदिना, कढीपत्ता, गवती चहा घेऊन बसत होत्या, आणि एकोणीस वर्षं त्यांच्या उजव्या हाताला दादामियाँ अंडी घेऊन बसत होते. मध्ये हातभर अंतर. त्या हातभर जागेत दोघांचा चहा आणि दोघांचं भांडण ठेवलेलं असे. भांडण एकच: ताकद कशात जास्त? आधी ते नुसतं तोंडी चालायचं. मग दोन वर्षांपूर्वी, सप्टेंबरात, कुठल्याशा कॉलेजच्या मुलींनी येऊन समोरच्या भिंतीवर पोषणाचा तक्ता चिकटवला आणि भांडणाला एकदम आकडे मिळाले.

तक्त्यात सगळं शंभर ग्रॅमचं होतं. शंभर ग्रॅम अंड्यात प्रथिनं तेरा, शंभर ग्रॅम कोथिंबिरीत जेमतेम दोन. दादामियाँ खूश.

"आणि क जीवनसत्त्व?" इंदुबाई चौथीपर्यंत शिकलेल्या, पण तक्त्याच्या त्या रांगेवर बोट ठेवायला तेवढं पुरलं होतं. "वाचा की. अंड्यापुढे काय लिहिलंय?"

"शून्य."

"मोठ्याने."

"शून्य, बाई, शून्य. पण इंदुबाई, शंभर ग्रॅम म्हणजे माझी दोन अंडी. माणूस चहाबरोबर खाऊन टाकतो. शंभर ग्रॅम कोथिंबीर म्हणजे अख्खी जुडी. अख्खी जुडी खातं कोण? बकरी."

"ते तक्त्याला विचारा. शंभर ग्रॅमला शंभर ग्रॅम."

हे रोज. श्रावणात अंड्याचं गिऱ्हाईक आटायचं तेव्हा इंदुबाई मुद्दाम थोड्या मवाळ भांडायच्या, आणि मे महिन्यात कोथिंबीर दुपारपर्यंत माना टाकायची तेव्हा दादामियाँ लोहाचा विषय काढायचे, कारण लोहात कोथिंबीर मागे नव्हती. तक्त्याच्या तळाशी एक ओळ होती, की रोजच्या आहारात दोन्ही असावं. ती ओळ दोघांनीही कधी मोठ्याने वाचली नाही.

मग दादामियाँच्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला. बल्बपुढे अंडं धरलं तरी त्यांना बल्बच दिसेना. मुलगा खालिद हडपसरला राहायचा, तो येऊन घेऊन गेला. जाताना दादामियाँ आपली लाकडी पेटी बंद करून म्हणाले, "आठ-दहा दिवस. लक्ष ठेवा."

"कशावर? शून्यावर?" इंदुबाई म्हणाल्या.

ते हसले, आणि रिक्षात बसताना पायरीशी चाचपडले. इंदुबाईंना पुढे व्हावंसं वाटलं, पण खालिद होता.

दहा दिवस गेले. बारा गेले. त्यांचा नंबर इंदुबाईंकडे होता. पण फोन करून विचारायचं काय? "कधी येता?" असं विचारायला आपण कोण? पलीकडून सुनेने, सबाने, उचलला तर "इंदुबाई बोलतेय" असं सांगता येईल, पण "का?" याचं उत्तर काय द्यायचं? रात्री भाकरी थापताना त्यांनी दोन-तीन वाक्यं जुळवून पाहिली. एकही फोनवर बोलण्याजोगं निघालं नाही.

गल्लीचा कायदा कागदावर कुठेच नव्हता, पण पक्का होता. पंधरा दिवस जागेवर माल दिसला नाही, की जागा मोकळी. आणि ज्याचा धंदा जो, तोच माल दिसला पाहिजे. रिकामा ट्रे ठेवून, पेटीवर पोतं टाकून भागत नसे. तेराव्या दिवशी समोरचा लसूणवाला सीताराम येऊन दादामियाँच्या जागेवर लांबीने चार आणि रुंदीने तीन पावलं टाकून गेला.

"काय मोजताय?" इंदुबाईंनी विचारलं.

"काही नाही. पाय मोकळे करतोय."

"तुमच्या दुकानापुढे करा. तिथे पाय अडकायला गिऱ्हाईक नसतं."

चौदाव्या दिवशी पहाटे अंड्यांचा टेम्पो गल्लीच्या तोंडाशी थांबला तेव्हा इंदुबाईंनी चार ट्रे उतरवून घेतले. माळ घातल्यापासून, म्हणजे नवरा होता तेव्हापासून, अंडं घरात आलं नव्हतं की हाताला लागलं नव्हतं. पहिल्या दिवशी त्या गिऱ्हाइकालाच म्हणायच्या, "तुमच्या हाताने घ्या." त्यात तीन फुटली. मग ब्रेडच्या पिशवीची युक्ती सुचली. संध्याकाळी घरी गेल्यावर डोक्यावरून आंघोळ, मग देवापुढे दिवा. देवाला त्यांनी काही सांगितलं नाही. त्याला चष्मा लागत नाही, तो बघतोच आहे.

सीताराम दोन दिवस बघत राहिला. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "इंदुबाई, माळ आणि अंडी, दोन्ही एकदम? वर काय जबाब देणार?"

"तुम्ही आधी जाऊन जागा धरा, मग कळवा मला."

आज तेविसावा दिवस. दहाच्या सुमाराला खालिद आला. गल्लीत गाडी येत नाही म्हणून हेल्मेट कोपरात अडकवून चालत. इंदुबाई ट्रेमागून उठून आपल्या ढिगापाशी आल्या होत्या, गवती चहाच्या पेंढ्या बांधत होत्या.

"इंदुमावशी, बऱ्या आहात ना?"

"बरी आहे रे. अब्बांचा डोळा?"

"मस्त. ऑपरेशनची तारीख पुढे गेली, पण एकदम क्लिअर. आता घरातली जाळी-जळमटं दाखवतात सबाला. आणि डोकं खातात." खालिद हसला. "तिने आमलेट केलं की पहिला प्रश्न, कोथिंबीर कुठाय? नुसतं अंडं काय खायचं, त्यात क जीवनसत्त्व शून्य असतं. रोज. सबा म्हणते, अब्बा, तुम्ही आयुष्यभर अंडी विकलीत की पालेभाजी?"

इंदुबाईंनी पेंढीला दोऱ्याचा आणखी एक वेढा दिला. तीन वेढे आधीच झाले होते.

"मग येतायत कधी?"

खालिदने हेल्मेट या कोपरातून त्या कोपरात घेतलं. "नाही येणार, मावशी. मी पेटी न्यायलाच आलोय."

"का?"

"जागा गेली ना. मागच्या शुक्रवारी इकडच्या डॉक्टरांना डोळा दाखवायला आलो होतो. सकाळपासून त्यांची गडबड, स्वच्छ सदरा काय, अत्तर काय. म्हणाले, आधी गल्लीवरून घे. तोंडाशी रिक्षा थांबवली. एका डोळ्याला पट्टी, तरी डोकं बाहेर काढून बघितलं. ट्रे लागलेले, चार-पाच गिऱ्हाइकं उभी. म्हणाले, चल."

"उतरले नाहीत?"

"मी म्हटलं, उतरू या, विचारू या मावशींना. तर म्हणाले, काय विचारायचं? इंदुबाई काही अंड्याला हात लावायच्या नाहीत. म्हणजे दुसरं कुणीतरी बसलंय." मग पेटीकडे बघत खालिदने बाकीचं सांगून टाकलं. "म्हणाले, आणि त्यांनी बसू दिलं."

शुक्रवार. इंदुबाईंना शुक्रवार आठवला. खाली बसून तळाचा ट्रे ओढत होत्या, कारण वरचा संपला होता. समोर माणसं उभी होती. रिक्षाचा आवाज कसब्यात कुणी ऐकत नाही.

त्या दिवसापासून घरी ते फारसं बोलत नाहीत, खालिद सांगत होता, नुसतं आमलेटावरून तेवढं. बाल्कनीत बसतात. खाली बाजार आहे, हडपसरचा, मोठा, पण बघत नाहीत तिकडे.

"मावशी, कोण बसतंय इथे? चांगला माणूस आहे ना? मी बोलून पेटी घेतो."

इंदुबाई काही बोलण्याच्या आत एक बाई येऊन उभ्या राहिल्या. "सहा अंडी द्या हो. आणि लाल नाहीत का? लालमध्ये ताकद जास्त असते म्हणतात."

इंदुबाई उठल्या. हातभर अंतर ओलांडून ट्रेपाशी बसल्या. पिशवी शोधायच्या भानगडीत त्या पडल्या नाहीत. नुसत्या हाताने त्यांनी एकेक अंडं उचललं, बल्बपुढे धरलं, "हं" म्हणाल्या आणि कागदावर ठेवलं. खालिद बघत राहिला. तिसऱ्या अंड्याला त्याने हेल्मेट खाली पेटीवर ठेवलं. पाचव्या अंड्याला खिशातून फोन काढला, नंबर लावला आणि इंदुबाईंपुढे धरला.

"हां, खालिद," पलीकडून दादामियाँ म्हणाले. "मिळाली पेटी?"

इंदुबाईंनी फोन कानाला लावला. रात्री भाकरी थापताना जुळवलेल्या वाक्यांतलं एकही जवळ नव्हतं.

"अहो," त्या म्हणाल्या, "एक विचारायचं होतं."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

"गिऱ्हाईक म्हणतंय, लाल अंड्यात ताकद जास्त असते. काय सांगू?"

"कुणाचं गिऱ्हाईक?"

"तुमचं."

दादामियाँ एकदा खाकरले. पुन्हा खाकरले.

"इंदुबाई. कोण विकतंय तिथे?"

"मीच. दुसरं कोण बसणार? सीताराम आला होता पाय मोकळे करायला."

"आणि हात..."

"आहेत दोन. धुता येतात." समोरच्या बाई घड्याळ बघू लागल्या होत्या. "गिऱ्हाईक खोळंबलंय. लाल की पांढरं, तेवढं सांगा."

मग ते सांगू लागले. आवाज आधी बसलेला, मग हळूहळू रोजचा. की रंग फक्त कवचाला असतो, कोंबडीच्या जातीवरून येतो. आत दोन्ही सारखीच, कुणाला फसवू नका. पांढऱ्यात काय असतं, पिवळ्यात काय असतं. सहा ग्रॅम. ब बारा. लोह. हे सगळं इंदुबाईंना पाठ होतं, पुढचा शब्द कोणता येणार तेही.

"हं," त्या म्हणत राहिल्या. "हं. असं का?"

बाईंनी पिशवी पुढे केली. इंदुबाईंनी मोकळा हात उचलून त्यांना जरा थांबायची खूण केली.