नास्तिक ट्रॉली

सीतारामरावांना देवाधर्माचं फारसं वेड नव्हतं, पण सरस्वतीपूजेचं होतं. आमच्या तंजावुरात त्या दिवशी ज्याने त्याने आपलं हत्यार देवीपुढे ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी, विजयादशमीला पूजा उतरेपर्यंत, त्याला हात लावायचा नाही. शिंप्याची कात्री, सुताराचा रंधा, पोरांची पुस्तकं, सगळ्यांना सुट्टी.

सीतारामराव आमच्या धर्मादाय इस्पितळात शिक्षणप्रमुख होते. कॉलेजातून परीक्षा देऊन आलेली पोरं, ज्यांना आम्ही हाऊस सर्जन म्हणतो, वर्षभर त्यांच्या हाताखाली खरं काम शिकायची आणि शेवटी त्यांची सही झाली की डॉक्टर व्हायची. मीही तशीच झाले. पुढे भूल द्यायचं शिकून तिथेच परत आले, आणि नात्याने मामा लागणाऱ्या माणसाला इस्पितळात सर म्हणत राहिले. पूजेच्या सकाळी ते आम्हा सगळ्यांचे स्टेथोस्कोप गोळा करून देवीपुढे ठेवायचे. मग दिवसभर रिकाम्या हातांनी राउंड. बोटांनी ठोकून बघा, पोटावर हात ठेवा, पाठीवर टॉवेल टाकून कान लावा. पापनाशमकडच्या खेड्यांतल्या म्हाताऱ्या हसून हसून बेजार व्हायच्या. त्या एका दिवसात मी जेवढं शिकले तेवढं वर्षभरात शिकले नाही.

एकच वस्तू पूजेला बसत नसे: इमर्जन्सीची ट्रॉली. तिच्यावर ऑक्सिजन, श्वासनलिकेत घालायची नळी, घशात अडकलेलं ओढून काढणारं सक्शन मशीन.

"ही ट्रॉली नास्तिक आहे," सर दर वर्षी नव्या पोरांना बजावायचे. "हिला देवीजवळ नेऊ नका. दोघींनाही आवडणार नाही."

विनोद आम्हाला पाठ होता, तरी आम्ही हसायचो.

मग वारं फिरलं. घरोघर केबल आली, नव्या मोटारी आल्या, आणि आमच्या ट्रस्टने इस्पितळ चालवायला मद्रासच्या एका कंपनीकडे दिलं. कंपनीने रमण नावाचा तरुण मॅनेजर पाठवला. तो वाईट माणूस असता तर राग काढायला बरं झालं असतं. पण तो सगळ्यांशी अदबीने बोलायचा आणि अदबीनेच एकेक गोष्ट बंद करायचा. त्याचं म्हणणं असं, की स्वतंत्र खोली घेणाऱ्या पेशंटला शिकाऊ हात अंगाला लागलेला आवडत नाही. जनरल वॉर्डही आता परवडत नाही. हाऊस सर्जन ठेवायचे की नाहीत ते दिवाळीनंतर ठरणार होतं.

सरांनी तेव्हापासून मान खाली घातली. एके काळी ह्या माणसाने एका मंत्र्याच्या मेव्हण्याला वॉर्डातून बाहेर काढलं होतं. तेच सर आता रमणच्या केबिनबाहेर बाकावर बसून बोलावणं येण्याची वाट बघायचे. मला ते बघवत नसे. एकदा मी तसं म्हटलंही, तर म्हणाले, पोरांना शिकायला वॉर्ड राहिला पाहिजे, माझी मान कुठेही असो.

त्या वर्षी रमणने ठरवलं, पूजा थाटात करायची. दर्शनी दालनात देवी, फोटोग्राफर, मद्रासहून साहेबलोक. जी जी नवी यंत्रं घेतली ती सगळी हार घालून मांडायची. सक्शन मशीन नवंकोरं होतं, चकाकत होतं. वॉर्डबॉयने अख्खी ट्रॉलीच ढकलत नेली. तिला चंदन-कुंकू लागलं, वर जरीचं वस्त्र पांघरलं गेलं.

सरांनी ती बघितली. मी शेजारीच उभी होते. त्यांचं पाऊल पुढे पडलं, मग त्यांनी रमणकडे पाहिलं. तो साहेबलोकांना हाऊस सर्जनांची ओळख करून देत होता, हसत होता, आणि साहेबलोकही हसत होते. गेल्या कित्येक महिन्यांत एवढी आशा वाटावी असं दृश्य आम्ही बघितलं नव्हतं.

"आरती झाली की परत नेऊं दे," सर माझ्या कानात म्हणाले. "आत्ता रसभंग नको."

मी ऑपरेशन थिएटरमध्ये गेले. पुढचं मला नंतर कळलं, आणि ज्यांनी पाहिलं त्या सगळ्यांनी एकसारखंच सांगितलं.

बायकांच्या वॉर्डात कीर्तना नावाची हाऊस सर्जन ड्यूटीवर होती. आमच्यातलीच, राजवाड्यामागच्या गल्लीतल्या मराठी घरची मुलगी. घरात रोज पोथी आणि सोवळं, आणि बोटं अशी हुशार की सर तिला वॉर्डाबाहेर जाऊच देत नसत. कामाक्षी नावाच्या पेशंटला अर्धांगाचा झटका येऊन गेला होता, गिळणं अजून धड होत नव्हतं. तिला उलटी झाली आणि ती उलटी श्वासनलिकेत गेली. कीर्तनाने तिला कुशीवर वळवलं, तोंडात बोटं घालून निघेल तेवढं काढलं. तेवढं पुरेना. मग ती नर्सला तिथे ठेवून ट्रॉलीसाठी दालनाकडे धावली.

दालनात आरती चालू होती. कापूर पेटलेला, घंटा वाजतेय, भटजींचा हात फिरतोय, आणि ट्रॉली देवीच्या पायाशी, जरीखाली. कीर्तना थबकली. तिने हात जोडले. आरती संपेपर्यंत ती तशीच उभी राहिली, डोळ्यांतून पाणी गळत होतं तरी उभी राहिली. मग जरी ओढून तिने ट्रॉली पळवली.

बोलावणं येऊन मी पोचले तेव्हा माझ्या नळीचा काही उपयोग उरला नव्हता. कामाक्षीची सून पलंगाशी बसून तिचे पाय चोळत होती, कारण पाय गार पडले आहेत एवढंच तिला कळत होतं.

कीर्तना भिंतीला टेकून उभी होती. मी तिला विचारलं, का थांबलीस. ती मला म्हणाली, "मज हातच पुढं येईना, अक्का."

तिला रागावणं मला जमलं नाही. आमच्यापैकी कुणालाही विचारा. कापूर जळत असताना देवीपुढची वस्तू ओढायची म्हणजे काय, हे आम्हालाच कळेल. आईच्या मांडीवर बसल्यापासून शिकवलेलं असतं ते.

पाचव्या दिवशी बैठक झाली. रमण, ट्रस्टचे दोन म्हातारे, सर, मी, आणि समोर खुर्चीत कीर्तना. तिच्या हयगयीचा अहवाल मेडिकल कौन्सिलकडे जायचा होता. तो गेला असता तर तिला सही मिळाली नसती आणि ती कधीच डॉक्टर झाली नसती. सर शांतपणे इंग्रजीत बोलले. पूजेच्या दिवशी उपकरणांना हात लावायचा नाही हा माझा नियम आहे, वर्षानुवर्षांचा. ट्रॉलीही त्यात होती. मुलीने माझी आज्ञा पाळली, दोष माझा.

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. नास्तिक ट्रॉलीचा विनोद त्या खोलीत आम्हा तिघांनाच माहीत होता. कीर्तनाने तोंड उघडलं. तेव्हा सर आमच्या घरच्या मराठीत बोलले, जी तिथे दुसऱ्या कुणाला कळत नव्हती.

"तूं उगी रहा, बाळ. म्यां ती ट्रॉली पाहिली होती. तुज हात चांगले आहेत, ते वाया घालवूं नको."

रमणने विचारलं, काय म्हणाले. मी सांगितलं, तिला धीर देतायत.

सरांना राजीनामा द्यावा लागला. रमणने तो अदबीने घेतला, आणि त्याच आठवड्यात हाऊस सर्जन घेणं बंद झालं. जो माणूस शिकवायचा त्यानेच जीव घेणारा नियम केला होता, मग शिकवणं चालू ठेवा असं आता कोणत्या तोंडाने सांगायचं? दिवाळीची वाटसुद्धा बघावी लागली नाही. जनरल वॉर्डात स्कॅनचं मशीन बसलं. जाण्याआधी सरांनी कीर्तनाच्या कागदावर सही केली. ती त्यांची शेवटची सही. त्या सहीवरच ते तगून होते. भेटायला गेलं की कॉफीचा टंबलर हातात देऊन पहिला प्रश्न तोच: कीर्तना कुठे लागली? मी म्हणायचे, बघतेय. ती काहीच बघत नव्हती. ओरत्तनाडूच्या सरकारी दवाखान्यात जागा होती, तिने अर्जही केला नाही.

पुढच्या वर्षी पूजेला सरांनी घरीच देवी मांडली. पुस्तकं आणि त्यांचा जुना स्टेथोस्कोप. विजयादशमीला मी गेले. त्या दिवशी पूजा उतरवून हत्यार उचलायचं आणि थोडं तरी वापरायचं, अशी रीत. सर माझ्याच पाठीला स्टेथोस्कोप लावून मला खोकायला सांगत होते, थट्टा करत होते, तेवढ्यात कीर्तना आली. शिष्याने गुरूला भेटायचा दिवसच तो. सरांचा चेहरा असा उजळला, की मला धस्स झालं.

ती त्यांच्या पाया पडली. पर्समधून स्वतःचा स्टेथोस्कोप काढला आणि देवीपुढच्या रिकाम्या झालेल्या पाटावर ठेवला.

"आज उचलायचा दिवस, बाळ," सर म्हणाले. "ठेवायचा काल होता."

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "सर, तुम्ही सगळं अंगावर घेतलंत. मग बैठकीत मला कोणी विचारलंच नाही, तू का थांबलीस म्हणून. कामाक्षीच्या सुनेलासुद्धा मी सांगू शकले नाही. सांगितलं तर तुम्ही खोटे पडता. आता कुणाच्या अंगाला हात लावायला गेले की तो पुढं येत नाही. तसाच राहतो, जोडलेला."

सरांनी तिचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि एकेक बोट दाबून बघत राहिले, राउंडला पेशंटचा बघायचे तसा. तिने हात ओढून घेतला नाही. थोड्या वेळाने त्यांनी तो सोडला.

मी आत जाऊन तिच्यासाठी कॉफी आणली. ती तिने प्यायली, सरांना नमस्कार केला आणि गेली. सरांनी गळ्यातला स्टेथोस्कोप काढला आणि पाटावर, तिच्या स्टेथोस्कोपशेजारी ठेवला.