रिव्हेट दिसेपर्यंत

पासष्टच्या लढाईत वैमानिक चंद्रकांतने एक पाकिस्तानी विमान पाडलं ते इतक्या जवळून, की त्याचं तेल याच्या काचेवर उडालं आणि आतला माणूस जळताना दिसला. ही विद्या फिनलंडच्या आर्मासची. युद्धाच्या काही वर्षं आधी तो छोटी लढाऊ विमानं पारखायला बंगळूरला आला होता. दुसऱ्या महायुद्धात मूठभर जुन्या विमानांनिशी रशियनांना भिडलेला माणूस! "लांबून गोळ्या उधळू नकोस," तो सांगायचा. "पत्र्यावरचे रिव्हेट, ते बारके खिळे, दिसेपर्यंत थांब. मग इंजिनावर झोड."

युद्धानंतर चंद्रकांत बंगळूरला शिकवू लागला आणि त्याने पोरांना भंडावून सोडलं. सरावात गोळ्यांऐवजी कॅमेरा चाले. मागचा जवळ येऊन टिपू लागला, की पुढच्याने पंख हलवून हार मानायची आणि सरळ उडत राहायचं, असा रिवाज. बेळगावकडच्या देवाप्पाची फिल्म मात्र तो सगळ्यांदेखत भिरकावून द्यायचा.

"हे विमान आहे का डास? जवळ जायची छाती नाही तुला!"

"सरी, अण्णा," देवाप्पा मान खाली घालून कानडीत 'बरं' म्हणायचा.

त्या सकाळी बंगळूरबाहेर के. आर. पुरमच्या पलीकडे आकाशात दोघांची जुंपली. चंद्रकांतने गिरक्या घेतल्या, सूर मारले, पण देवाप्पा शेपूट सोडीना. अखेर रेडिओवर त्याचा आनंदाने फुटलेला आवाज आला, "अण्णा, रिव्हेट दिसाय लागलेत!"

पंख हलवायचे होते, बस. पण कालच्या पोराकडून हरायचं? चंद्रकांतने विमान गर्रकन वळवलं.

देवाप्पाचं विमान त्याच्या पंखात घुसलं. चंद्रकांत आसनासकट बाहेर फेकला गेला, हवाई छत्रीने नाचणीच्या शेतात आदळला, पाय मोडला. समोर कोसळलेलं देवाप्पाचं विमान धडधडून पेटलं होतं. खुरडत जाऊन त्याने आगीत हात घातले. कातडी सोलून निघाली, तरी तो पट्टे ओढत राहिला. देवाप्पा तोवर संपला होता.

पोरगा फाजील जवळ गेला, असं जो तो म्हणू लागला. चंद्रकांत गप्प राहिला असता, तर सुटलाच होता.

इस्पितळात देवाप्पाचे वडील कल्लाप्पा आले. खाटेपाशी उभे राहून त्यांनी एवढंच विचारलं, "माझ्या पोराचं चुकलं व्हय?"

"नाही. तो जिंकला होता. मला हरायचं नव्हतं, म्हणून मी वळलो."

कल्लाप्पांनी त्याच्या थोबाडीत अशी लगावली, की ओठ फुटून रक्त उशीवर सांडलं.

"जिंकला होता," ते म्हणाले, "हे आता बाहेर समद्यांना सांग."