तळ्यापलीकडच्या झाडीत

पाऊस पडता पडताच गोठत होता. ओडिल यासी ही आपल्या सेलेस्टीन आत्याला डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी गावातून शहरात घेऊन निघाली होती. गावाचा रस्ता हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यावरूनच जायचा; तिथला बर्फ अजून ट्रक पेलण्याइतका जाड नव्हता, म्हणजे विमानाशिवाय वाट नाही. वैमानिकाने पंखांवर धरलेला बर्फ झाडूने झाडला, हात पोचला तेवढाच.

"नीट निघाला नाही तो," ओडिल म्हणाली.

"याहून वाईट हवेत उडालोय मी."

"गप बस गं," आत्या म्हणाली. "उद्यापासून तुझं तोंड मला स्पष्ट दिसणार, मला त्याची धास्ती."

विमानाने जमीन सोडली आणि लगेच डावीकडे कलंडलं. इंजिन नुसतं किंचाळत होतं, विमान काही वर चढेना. खिडकीत झाडांचे शेंडे आले.

शुद्धीवर आली तेव्हा ओडिल पट्ट्याला उलटी लटकत होती. मांडीचं हाड मोडलं होतं, सगळीकडे इंधनाचा वास होता. वैमानिक हलत नव्हता. आत्या खाली पत्र्यात अडकली होती.

"आत्या?"

"आहे. गार पडलेय."

ओडिलने हात लांबवून तिचा पंजा धरला. "बोलत राहा."

"काय बोलू? तुझ्या बापाला चालायला मी शिकवलं. सारखा पडायचा. पडला की माझ्यावरच चिडायचा." आवाज बारीक होत गेला. गावातून निघालेल्या हलक्या बर्फगाड्यांची घरघर जवळ आली, तोवर तिच्या बोटांची पकड सुटली होती.

चुलतभाऊ आल्फोन्स करवत घेऊन आत शिरला.

"आधी आत्याला काढ."

त्याने आत्याची मान चाचपली आणि नजर वळवली. "आधी तुला."

गावच्या दवाखान्यातली नर्स म्हणाली, आत रक्तस्राव होतोय, हवा निवळली की शहरात न्यायला दुसरं विमान येईल.

"मी नाही चढणार."

"रस्ता नाही, ओडिल," आल्फोन्स म्हणाला. "मी येतो बरोबर."

"म्हणजे दोघं मरू."

"मरू. आत्याला वर बडबडायला कुणीतरी लागेलच."

तिला हसू फुटलं, त्याचं रडणं कधी झालं कळलं नाही. विमान आलं, तिचं स्ट्रेचर आत चढवलं. चाकं जमिनीवरून सुटली तशी तिने आल्फोन्सची बाही दातांत धरली आणि शहर येईपर्यंत सोडली नाही.

पाय वाचला, थोडा आखूड झाला. ती गावी परतली तोवर आत्याला मातीत ठेवून झालं होतं.